काकीच्या हातातला माळी

बाबांच्या कंपनीतल्या एका साहेबांची दिल्लीला बदली झाली, तेव्हा त्यांच्या बाईसाहेबांनी घर आवरताना मुलांच्या जुन्या वस्तूंचं एक खोकं बाबांच्या हवाली केलं. त्यात पाय मोडलेला लाकडी घोडा होता, आमच्यापैकी कुणालाच न होणारा लोकरी कोट होता आणि तळाशी एक चपटा डबा होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्ट्या मारलेला. झाकणावर बंगल्याचं चित्र, एका खिडकीत दिवा आणि पायरीवर पालथा पडलेला माणूस. आईने तो माणूस बघितला, "असलं काही घरात नको" म्हणाली आणि डबा कपाटावर टाकला. मोठ्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, तो दुसऱ्याच दिवशी खाली काढला.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. बोरीवली पूर्वेला, जिथून पुढे वस्ती संपून नॅशनल पार्कची झाडं सुरू होत, तिथे आमच्या दोन खोल्या होत्या. त्यात आजोबा, आई-बाबा, दादा, मी आणि नव्याने लग्न झालेले काका-काकी. आजी गावी, मालवणाकडे, घर आणि दोन गुरं सांभाळून होती. आमच्याकडची ही रीतच होती. पुरुष मुंबईत, बायका गावी, आणि वर्षातून दोनदा एस्टीने जाऊन संसार करून यायचा. आजोबांनी मिलमध्ये उभा जन्म काढला तो असाच. आई मात्र मुंबईत राहिली, कारण बाबांना बाहेरचं खाऊन पोटाचा आजार जडला होता. आजारी पडल्याशिवाय आमच्या घरात नवरा-बायको एकत्र राहायचे नाहीत, असं मी आता म्हणते. तेव्हा ते कुणालाच विचित्र वाटत नसे.

लग्न नवं म्हणून काकीही मुंबईत आली, ती सातवी पास होऊन, दोन नव्या साड्या आणि एक काजूची पिशवी घेऊन. माझ्याहून फार मोठी नव्हती. सहा-आठ महिन्यांत तिने बोरीवली अशी काही आपलीशी केली की आम्हीच बघत राहिलो. पहाटे दूध केंद्रावर जायला कुणीही कंटाळायचं. ही हौसेने जायची, रुपेरी बुचाच्या बाटल्या खुळखुळवत परत यायची आणि रांगेतल्या बायकांच्या चार गोष्टी आणायची. कांदिवलीला शिवणाचा क्लास लावला होता. पहिल्या दिवशी काका सोडायला गेले, दुसऱ्या दिवसापासून एकटी बसने जाऊ लागली. गळ्यातली टेप तशीच ठेवून स्टॉपवर उतरायची, लोकांना दिसावी म्हणून. झबली झाली, परकर झाला, आता ब्लाउजवर गाडी आली होती. एकदा नळावर मी हंडा धरला असताना ती मला म्हणाली, "माका हयच रवाचा आसा गो. काय वाट्टेल ता होवंदे." इथेच राहायचंय, काय वाटेल ते होवो. घरात हे तिने मला एकटीला सांगितलं, आणि का सांगितलं हे मला तेव्हा कळलं नाही.

तर तो खेळ. बंगल्यात खून झालाय. संशयित सहा: डॉक्टर, नर्स, माळी, स्वयंपाकी, मिशीवाला म्हातारा मेजर आणि टोपीवाली बाई. हत्यारं सहा, खोल्या आठ-नऊ. प्रत्येकाचा एकेक पत्ता. एक माणूस, एक हत्यार आणि एक खोली असे तीन पत्ते न बघता पाकिटात घालायचे. तोच खुनाचा उलगडा. बाकीचे पत्ते खेळणाऱ्यांत वाटायचे. आपली पाळी आली की म्हणायचं, 'माळ्याने, दोरीने, तळघरात.' शेजारच्याकडे यातला एखादा पत्ता असेल तर त्याने तो फक्त आपल्याला गुपचूप दाखवायचा, म्हणजे तो पाकिटात नाही हे आपल्याला कळतं. नसेल तर 'नाही' म्हणायचं आणि मग त्याच्या पुढच्याने बघायचं. असं करत करत शेवटी पाकिटात काय उरलंय ते ओळखायचं. दादाने इंग्रजी नियम डिक्शनरी घेऊन वाचले होते, आणि ते आम्हाला शिकवताना त्याचा रुबाब काय विचारता!

आजोबांची पहिली हरकत खुनाला होती. वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात अभद्र बोलू नये. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की खेळायचं ते दुपारी, आणि देवाजवळ दिवा लागायच्या आत पाकीट उघडून सगळं आवरायचं. दोनच रविवार गेले आणि हरकत घेणारे आजोबाच पंगतीला येऊन बसले. मेंढीकोट खेळण्यात त्यांची हयात गेली होती; पत्ते दिसले की त्यांचा हात शिवशिवायचा. पत्त्यांवर चित्रं होती, त्यामुळे इंग्रजी येण्या-न येण्याचा प्रश्न नव्हता. चौथा भिडू हवा म्हणून मी काकीला ओढून आणलं. आजोबा, त्यांच्या शेजारी काकी, मग मी, मग दादा, असे आम्ही बसलो.

पहिल्याच डावात आजोबांनी चष्मा सारखा केला आणि निकाल द्यावा तसं म्हणाले, "माळी. दोरी. तळघर."

काकी म्हणाली, "नाय."

माझ्याकडे नव्हतं. दादाकडे नव्हतं. आजोबांनी मांडीवर थाप मारली. पहिल्या फटक्यात खुनी सापडला! पाकीट उघडलं. दोरी होती, तळघर होतं, पण माळ्याच्या जागी टोपीवाली बाई. दादा चक्रावला. मग पत्ते नीट वाटले नसतील म्हणून पुन्हा डाव. पुन्हा आजोबांचा आत्मविश्वास, पुन्हा काकीचं "नाय", पुन्हा पाकिटात भलतंच. तिसऱ्या डावाला दादाने सगळ्यांचे पत्ते उघडे टाकायला लावले. आजोबांनी सांगितलेला माळी काकीच्या हातात होता.

"काकी, ही चीटिंग आहे यार!" दादा ओरडला. "वाट लावलीस सगळ्या खेळाची!"

काकीचा चेहरा उतरला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मामंजी माळी म्हणतत. मग मी त्यांका खोटा कसा पाडू?"

हे ऐकून दादा हसला, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण आमच्या घरात हे असंच होतं. आजोबांचं म्हणणं सुनांनी खोटं पाडायचं नसतं. त्यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की आई मीठ वाढायची आणि आम्ही सगळे ती खारट आमटी मुकाट्याने ओरपायचो. एकदा त्यांनी दशमीलाच एकादशी आहे असं जाहीर केलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, आई ते रोज बघायची, पण तिने त्या दिवशी साबुदाणा भिजवला, आणि दुसऱ्या दिवशी खरी एकादशी आल्यावर काही न बोलता पुन्हा भिजवला. आजोबा काही जुलमी नव्हते. हात उगारलेला कुणी कधी बघितला नाही, आवाजही चढत नसे. त्यांना फक्त ठाऊक नव्हतं की त्यांना कुणी खरं सांगत नाही. ते कसं ठाऊक असणार, हाही प्रश्नच आहे.

त्या दिवशी त्यांनी माळ्याचा पत्ता हातात घेतला, काकीकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. "अगो, ह्यो खेळ आसा. माझा चुकला तर चुकला. मी सांगतंय म्हणान दाखव."

म्हणजे सासऱ्याला खोटं पाडायचं, तेही सासऱ्याच्याच हुकमावरून. पण काकीला तेवढं पुरलं. पुढच्या डावात तिने पत्ता पदराखालून अर्धाच बाहेर काढला, जणू काही चोरून आणलेला लाडू, आणि आजोबांना दाखवून लगेच आत ओढला. कान लाल झाले होते. आजोबा म्हणाले, "शाबास!" त्याच्या पुढच्या रविवारी ती सरळ पत्ता पुढे करू लागली. महिन्याभरात तर आजोबांचं वाक्य संपायच्या आधीच "चुकलात मामंजी" म्हणायची, आणि आजोबा कपाळावर हात मारून घ्यायचे.

ती खेळायचीही झकास. दादा कागदावर फुल्या मारत बसायचा, मी दर वेळी नर्सवरच संशय घ्यायचे, कारण इंजेक्शन देणाऱ्या बाईबद्दल माझं मत मुळातच वाईट होतं. काकी आमच्या तोंडाकडे बघायची. एका दुपारी ती म्हणाली, "मेजर. विषाची बाटली. जिन्याखाली." पाकिटात तेच निघालं. आजोबांनी त्या संध्याकाळी शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांत जाऊन सांगितलं की माझी धाकटी सून डिटेक्टिव्ह आहे. आईसुद्धा दारात उभी राहून हसत होती. मला वाटलं, आमचं घर बदललं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला असं वाटणं साहजिक होतं, पण मला वाटतं मोठ्यांनाही थोडंफार तसंच वाटत होतं.

मग गावाहून आमच्या भावकीतले एक गृहस्थ आले. रविवारच होता, आम्ही पट मांडून बसलो होतो. त्यांनी तांदळाची पिशवी टेकवली आणि सांगितलं की आजी विहिरीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा धरलाय, पाणी भरायला होत नाही, गुरांकडे कुणी बघायला नाही. आईने चहा टाकला. पट तसाच मधे, आणि सगळे भोवती बसलेले. काकाही त्या दिवशी घरी होते; ते अंधेरीला एका छापखान्यात कामाला होते आणि एरवी रविवारीही जायचे.

आजोबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "तसा बघूक गेला तर धाकट्या सुनेक मुंबय मानवणा नाय. मी पयल्यापासून बघतंय. गावची मोकळी हवा तिका बरी. ती जाऊंदे सासूकडे."

ते हे कावेबाजपणाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. आजही कुणावर तरी धड रागावता आलं असतं. पण ते खरंच तसं समजत होते. पहिल्या उन्हाळ्यात काकीला घामोळं आलं होतं, ती दोन दिवस जेवली नव्हती, तेवढ्यावरून त्यांनी मुंबई मानवत नाही असं मनाशी धरलं होतं. नंतरची हसणारी, दुधाच्या बाटल्या आणणारी, बसने एकटी फिरणारी काकी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण मनात ती घामोळं आलेलीच.

बोलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. गावचे गृहस्थ मान डोलावत होते. बाबांनी पेपर उचलला. काकांनी कपातल्या चहात काहीतरी पडल्यासारखं आत बघितलं. आई साखर आणायला उठली, चहात साखर होती तरी. काकी माझ्या शेजारी बसली होती. तिचे हात मांडीवर होते आणि त्यात अजून तिचे पत्ते होते. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता ती म्हणेल, चुकलात मामंजी. दर रविवारी म्हणायची तसं.

"मग ठरला," आजोबा म्हणाले.

"बरा," काकी म्हणाली.

डाव तसाच मोडला. रात्री आंथरुणं घालताना दादाने आईला विचारलं, "काकी गप्प का बसली? खेळात तर एवढी बोलते!"

आई म्हणाली, "खेळात बोलायला काय जातंय रे?"

त्या आठवड्यात तिने क्लासला जाणं थांबवलं. ब्लाउजला बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. क्लासच्या बाईंनी निरोप पाठवला की दोन-चार दिवस येऊन तेवढं पुरं करून जा, पण काकी म्हणाली, गावी कुणाला दाखवायचंय. एस्टी डेपोवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. काका खिडकीशी उभे राहून तिला सांगत होते की मे महिन्यात येतो, मग गणपतीत येतो. ती सगळ्याला मान हलवत होती. आजोबा मला म्हणाले, "बघ कशी खूश आसा." मला तेव्हा जे वाटलं तो राग होता असं मी नंतर कित्येक वर्षं म्हणत आले. पण ती भीती होती. इतक्या जवळून बघूनही एखाद्या माणसाला काहीच दिसत नाही, आणि पुढे माझ्याबाबतीतही कुणीतरी असंच बघेल, याची भीती.

त्यानंतरही आजोबांनी दोन-तीनदा पट मांडायला लावला. तिघांत खेळ रंगेना. ते अंदाज सांगायचे, मी पत्ता दाखवायचे, ते "हां" म्हणायचे. एकदा वैतागून त्यांनी पत्ते खाली ठेवले. "सून होती तेवा मजा येय," म्हणाले. तिला कुणी पाठवलं, हे त्यांच्या लक्षातच नसावं. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात हे मी तिथे शिकले. पुढे डबा परत कपाटावर गेला आणि घर बदलताना कुठेतरी गेला.

काका निवृत्त होईपर्यंत बोरीवलीतच राहिले. वर्षातून दोनदा गावी जायचे. त्यांच्या मुलाला लहानपणी वडील ओळखता यायचे नाहीत. पहिले दोन दिवस तो आजीच्या मागे लपायचा. आजीचा गुडघा बरा झाला, मग दुसरं काही निघालं, मग आजी गेली, पण तोवर काकी तिथलीच झाली होती. गुरं तिची, विहीर तिची, नारळांचा हिशेब तिचा. आजोबा शेवटपर्यंत सांगत राहिले की धाकट्या सुनेचं मी भलं केलं, मुंबईत ती टिकली नसती. त्यांना कुणी खोटं पाडलं नाही.

अलीकडे एकदा मी गावी गेले तेव्हा माझं स्वतःचं लग्न होऊन मुलं मोठी झाली होती. काका कायमचे घरी आले होते आणि पडवीत खुर्ची टाकून बसलेले असायचे. काकी आत मांडीखाली विळी घेऊन कोकमं फोडत होती. बिया वेगळ्या, साली वेगळ्या, बोटं लालभडक. मी तिच्यासमोर बसले. काहीतरी निमित्त निघालं, त्या खेळाची आठवण निघाली, आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी विचारलं, "काकी, त्या दिवशी तू आजोबांना का नाही सांगितलंस? घाबरलीस?"

"घाबरतंय कशाक?" ती म्हणाली. "मामंजींका राग इलो नसतो. माका ठावक होता. हसून म्हणाले असते, चुकला माझा."

"मग?"

ती विळीवरून हात काढून माझ्याकडे बघू लागली. "अगो, खेळात इचारूचा लागता. आसा काय तुझ्याकडे, दाखव. इचारला की दाखवूचाच लागता. त्या दिवशी माका कोणी इचारल्यानच नाय. मामंजी सांगत होते. बाकीचे सगळे भलतीकडेच बघित होते." मग अगदी साध्या आवाजात, तक्रार नसल्यासारखं ती म्हणाली, "तू तरी इचारशीत असा वाटला माका. तू माझ्याच बाजूक बसलेलंस."

मी लहान होते, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण काय सांगायचं होतं तिला त्यातून? घरात एकटीला मलाच तिने नळावर सांगून ठेवलं होतं, आणि ते का, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी कळत होतं. मग मी एवढंच केलं. म्हटलं, "काकी, तुला तेव्हा मुंबईत राहायचं होतं ना?"

"होय," ती म्हणाली. लगेच, विचारायचा अवकाश. आणि पुढचं कोकम उचललं.

पडवीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका दारात येऊन उभे होते. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून आम्ही आवाज न दबवता बोलत होतो, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चौकटीला हात धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "माका वाटला, तुका गाव आवडता."

काकीने वर बघितलं नाही.

"आता आवडता," ती म्हणाली.